पोटॅशच्या पोत्यातला बीटा ऱ्हास: गॅमा वर्णपट घेऊन हलकी केंद्रकं कशी अभ्यासावीत

जून लागला की आमच्या तालुक्याच्या गावी कृषी केंद्रांसमोर लाल पोटॅशची पोती उतरतात. ५० किलोचं पोतं, त्यावर ६० टक्के ‘के-टू-ओ’ (पोटॅशियम ऑक्साइड) असा छापील आकडा. म्हणजे वजनाने जवळजवळ अर्धं निव्वळ पोटॅशियम. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर १०,००० अणूंमागे एखादा अणू पोटॅशियम-४०चा असतो (नेमकं सांगायचं तर ०.०११७ टक्के), आणि तो किरणोत्सारी आहे. हिशेब केला तर त्या एका पोत्यात दर सेकंदाला जवळपास ८ लाख केंद्रकांचा ऱ्हास होत असतो. कापसाच्या वावरात शेतकरी ते हाताने फेकतो आणि त्याला काही होत नाही, कारण ७० किलोच्या माणसाच्या अंगातही सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतं आणि तिथेही सेकंदाला ४,००० च्या वर ऱ्हास चाललेलेच असतात.

बीटा ऱ्हास शिकायला मोठ्या शहरातली प्रयोगशाळाच लागते, हा समज आपल्या भागातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मनात फार खोल रुजलेला आहे. गॅमा पकडणारा सोडियम आयोडाइडचा एक डिटेक्टर, संकेत ऊर्जेनुसार चॅनलमध्ये वाटून मोजणारा एक मल्टिचॅनल अ‍ॅनालायझर, दोन-तीन सीलबंद किरणोत्सारी स्रोत आणि किलोभर पोटॅशियम क्लोराइड एवढ्यावर दोन हलक्या केंद्रकांचा बीटा ऱ्हास नीट अभ्यासता येतो: सोडियम-२२ आणि पोटॅशियम-४०. हे काम मी मुलांकडून ज्या क्रमाने करून घेतो, त्याच क्रमाने खाली लिहितो आहे.

बीटा शोधायचा, मग गॅमा का मोजायचा?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि यायलाच हवा. बीटा ऱ्हासात केंद्रकातून इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन बाहेर पडतो आणि त्याच्यासोबत न्यूट्रिनो किंवा प्रतिन्यूट्रिनो. ऊर्जा या दोघांत वाटली जाते, आणि वाटणी दरवेळी वेगळी. म्हणून बीटाचा वर्णपट (कुठल्या ऊर्जेचे किती, याचा आलेख) शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत सलग पसरलेला असतो. चॅडविकला १९१४ साली हा सलगपणा दिसला आणि पाउलीने १९३० मध्ये न्यूट्रिनोची कल्पना मांडली ती याच कोड्यापायी. अशा पसरट वर्णपटावरून ऱ्हास नव्या केंद्रकाच्या कुठल्या ऊर्जा-पातळीवर जाऊन थांबला हे ओळखणं कठीण.

पण ऱ्हासानंतर जन्मलेलं केंद्रक पुष्कळदा उत्तेजित अवस्थेत असतं, आणि खाली उतरताना ते ठरावीक ऊर्जेचा गॅमा फोटॉन सोडतं. त्याच्या ऊर्जेवरून पातळी कळते, त्याच्या संख्येवरून त्या पातळीवर किती ऱ्हास आले ते कळतं. नियम सोपा आहे: एखाद्या पातळीतून जेवढे गॅमा बाहेर पडले, त्यातून वरच्या पातळ्यांकडून तिच्यात आलेले गॅमा वजा करा. उरलं ते थेट बीटा ऱ्हासातून आलेलं. जड केंद्रकांत पातळ्यांची इतकी दाटी असते की बारीक गॅमा निसटतात आणि हा हिशेब चुकतो. हलक्या केंद्रकांत पातळ्या मोजक्या आणि दूर दूर असतात. सोडियम-२२ आणि पोटॅशियम-४० मध्ये तर गॅमा देणारी पातळी प्रत्येकी एकच, म्हणून सुरुवात यांच्यापासून.

सामान आणि जागा

दोन इंची सोडियम आयोडाइड (थॅलियमयुक्त) स्फटिक पुरतो. हॉफस्टॅटरने १९४८ मध्ये वापरात आणलेला हा स्फटिक आजही शिकवण्यासाठी सगळ्यांत विश्वासाचा आहे. तो ओलावा ओढतो, म्हणून त्याचं अ‍ॅल्युमिनियमचं आवरण कधीही उघडू नका, त्याला चरा पडू देऊ नका. सीलबंद स्रोत मुंबईच्या ‘ब्रिट’कडून (अणुऊर्जा विभागाच्या किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून) मिळतात. ते एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांप्रमाणे शिशाच्या डब्यात, कुलपात आणि नोंदवहीत असायला हवेत. प्रत्येक स्रोतासोबत आलेल्या प्रमाणपत्रावरची तारीख जपा, स्रोताची आजची तीव्रता काढायला ती पुढे लागणार आहे.

शिशाच्या विटा सगळीकडे नसतात. ५ सेमी शिसं पोटॅशियम-४०चा १४६१ केईव्हीचा (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) गॅमा सुमारे ५ टक्क्यांवर आणतं, म्हणून असेल तर उत्तमच. नसेल तर मातीच्या विटा रचू नका, त्यांच्यात पोटॅशियम असतं आणि तेच तर आपल्याला मोजायचं आहे. त्याऐवजी लग्नात येतात ते २० लिटरचे पाण्याचे जार डिटेक्टरभोवती लावा. सुमारे १२ सेमी पाण्यात हा गॅमा निम्मा होतो, म्हणजे जाराच्या एका रांगेनेही बराच फरक पडतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: व्होल्टेज. फोटोमल्टिप्लायरला (स्फटिकातल्या प्रकाशाचा विद्युत संकेत करणाऱ्या नळीला) दिलेलं उच्च व्होल्टेज १ टक्का हललं तर शिखर, म्हणजे वर्णपटात गॅमाच्या ऊर्जेवर येणारा उंचवटा, ७-८ टक्के सरकू शकतं. एका रब्बी हंगामात आम्ही रात्रभर मोजणी लावून घरी गेलो. रात्री शिवारातले पंप सुरू झाले, व्होल्टेज पडलं, आणि आमचा उच्च व्होल्टेजचा पुरवठा तेवढा स्थिर नव्हता. सकाळी पडद्यावर १४६१ च्या शिखराला दोन डोकी. एका मुलीने वहीत ‘नवी गॅमा रेषा’ असं लिहूनही ठेवलं होतं. तिची चूक नव्हती, तिने जे दिसलं ते लिहिलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. यंत्रं ऑनलाइन यूपीएसवर चालवायची, आणि वर्णपट दर अर्ध्या तासाला वेगळ्या फाइलमध्ये साठवायचा. मग कुठल्या अर्ध्या तासात शिखर हललं ते दिसतं आणि तेवढी फाइल बाजूला काढता येते.

उन्हाचंही तसंच. तापमान वाढलं की स्फटिकाचा प्रकाश कमी होतो आणि शिखरं डावीकडे सरकतात. मे महिन्यात आपल्याकडे दिवस-रात्रीत १५ डिग्रीचा फरक पडतो. लांब मोजणी हिवाळ्यात घ्या, नाहीतर एसी असलेल्या खोलीत. व्होल्टेज दिल्यावर किमान तासभर यंत्र तापू द्या, मगच पहिली नोंद घ्या.

ऊर्जेचं अंशांकन

वर्गात ‘पीक’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे कपाशी येते, म्हणून मी ‘शिखर’ म्हणतो. सिझियम-१३७चं ६६२, सोडियम-२२ची ५११ आणि १२७४.५, कोबाल्ट-६०ची ११७३ आणि १३३२ केईव्ही ही पाच शिखरं घ्या. प्रत्येकाच्या मध्याचा चॅनल नोंदवा, आलेख काढा, सरळ रेषा बसवा. ६६२ च्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी मोजा. ती ऊर्जेच्या ७-८ टक्के आली तर स्फटिक ठणठणीत आहे. १० च्या पुढे गेली तर आधी स्फटिक आणि नळीमधला जोड तपासा.

सोडियम-२२: एका ऱ्हासाची दोन लेकरं

सोडियम-२२चं अर्धायुष्य २.६ वर्षं. सुमारे ९० टक्के वेळा ते पॉझिट्रॉन सोडतं, सुमारे १० टक्के वेळा स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळतं. दोन्ही वाटा निऑन-२२च्या १२७४.५ केईव्ही पातळीवर पोचतात. थेट तळपातळीवर जाणारे ऱ्हास ०.१ टक्क्याहूनही कमी. म्हणजे १२७४ चा गॅमा जवळजवळ प्रत्येक ऱ्हासात आहे, पण पॉझिट्रॉन एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होताना निघणारे ५११ चे दोन फोटॉन फक्त पॉझिट्रॉनच्या वाटेत आहेत. या फरकावरच प्रयोग उभा आहे.

पॉझिट्रॉन स्रोताजवळच थांबून नष्ट व्हायला हवेत, नाहीतर ५११ ची संख्या भलतीच येईल. स्रोताच्या दोन्ही बाजूंना १ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची चकती लावा. ५४६ केईव्ही कमाल ऊर्जेच्या पॉझिट्रॉनला तेवढी पुरते. स्रोत डिटेक्टरपासून १५ सेमीवर ठेवा, अर्धा तास मोजा. दोन्ही शिखरांची निव्वळ क्षेत्रफळं काढा आणि प्रत्येकाला त्या ऊर्जेच्या कार्यक्षमतेने (निघालेल्या फोटॉनपैकी शिखरात येणारा हिस्सा; तो कसा काढायचा ते पुढे आहे) भागा. ५११ भागिले १२७४ हे गुणोत्तर १.८ च्या आसपास यायला हवं. त्याचं निम्मं म्हणजे पॉझिट्रॉनच्या वाटेचा हिस्सा. स्रोत जुना असला तरी हे गुणोत्तर बदलत नाही, म्हणून हा प्रयोग मला आवडतो. स्रोताची तीव्रता मात्र ५.२ वर्षांत चौथ्या हिश्श्यावर येते, तेव्हा मोजणीचा वेळ त्याप्रमाणे वाढवा.

आता स्रोत थेट डिटेक्टरला टेकवा. उजवीकडे, १७८५ च्या जवळ, एक लहान शिखर उगवेल. ही १२७४ आणि ५११ यांची बेरीज आहे. निऑनची ती पातळी काही पिकोसेकंदांतच खाली येते, म्हणून दोन्ही फोटॉन स्फटिकाला एकाच वेळी भेटतात. दोन्ही एकाच ऱ्हासाचे आहेत याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही. स्रोत हळूहळू दूर न्या: मुख्य शिखर १० पट घटलं, तर बेरजेचं शिखर १०० पट घटायला हवं, कारण त्याला दोन्ही फोटॉन पकडावे लागतात. हे मुलांना स्वतः मोजू द्या, सांगून टाकू नका.

इथे एक सापळा आहे. हवेतल्या रेडॉनपासून तयार होणाऱ्या बिस्मथ-२१४चं शिखर १७६४ केईव्हीवर असतं, आणि आपला डिटेक्टर १७६४ व १७८५ वेगळं करू शकत नाही. रात्रभर बंद राहिलेल्या खोलीत रेडॉन साठतो. सकाळी आल्यावर खिडक्या उघडा, आणि स्रोताशिवायचा वर्णपट आधी घेऊन ठेवा.

पोटॅशियम-४०: नमुना आणि मिठाचा डबा

प्रयोगशाळेतलं शुद्ध पोटॅशियम क्लोराइड ५०० ग्रॅम घ्या. पावसाळ्यात ते गोळे धरतं, म्हणून कढईत किंवा ओव्हनमध्ये कोरडं करा, गार झाल्यावर वजन करा. पाणी मोजलं तर पोटॅशियम कमी भरतं आणि दोष उगीच डिटेक्टरवर जातो. १५ सेमी व्यासाच्या, पातळ बुडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ते पसरा. साधारण अडीच सेमीचा थर होईल. डिटेक्टर उभा, तोंड वर, आणि डबा त्याच्या डोक्यावर.

दुसरा, अगदी तसाच डबा घ्या आणि त्यात तेवढंच खायचं मीठ भरा. या मिठाच्या डब्यावर माझा फार जीव आहे. खोलीच्या भिंतींमधलं, जमिनीमधलं पोटॅशियमही १४६१ चंच शिखर देतं, आणि डबा ठेवल्यावर तो वरून येणारे काही गॅमा अडवतो. रिकाम्या डिटेक्टरची पार्श्वभूमी वजा केली तर ती म्हणूनच थोडी जास्त वजा होते. मीठ जवळजवळ तेवढंच अडवतं आणि स्वतः १४६१ देत नाही. फक्त रक्तदाबवाल्यांसाठी मिळतं ते कमी सोडियमचं मीठ चुकूनही घेऊ नका, त्यात पोटॅशियम क्लोराइडच मिसळलेलं असतं.

दोन्ही डबे सारख्याच ‘लाइव्ह टाइम’साठी (यंत्र प्रत्यक्ष मोजत असतं तेवढा वेळ) मोजा, निदान ३ तास. मग नमुन्यातून मीठ चॅनलगणिक वजा करा. जे उरेल त्यात १४६१ चं शिखर ठसठशीत दिसेल. त्याच्या डावीकडे, १२४४ च्या आसपास, एक कडा दिसेल. ती कॉम्प्टनची कडा आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनवर आदळून निसटणारा गॅमा स्फटिकात जास्तीत जास्त सोडू शकेल तेवढी ऊर्जा; शिखर समजू नका. अगदी डावीकडे चढत जाणारा उतार पुष्कळसा कॉम्प्टन विकिरणाचा आणि काही अंशी नमुन्यातच थांबताना बीटा जे क्ष-किरण सोडतात त्या ब्रेम्सस्ट्रालुंगचा. निव्वळ क्षेत्रफळासाठी १३६० ते १५६० केईव्हीची खिडकी घ्या आणि दोन्ही टोकांच्या पातळीवरून सरळ रेषा टाकून खालचा भाग काढून टाका.

कार्यक्षमता: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

डब्यातून निघालेल्या १४६१ च्या १,००० गॅमांपैकी किती शिखरात येतात? सोडियम-२२ किंवा कोबाल्ट-६० डब्यात ठेवून हे थेट काढायला जाल तर फसाल. इतक्या जवळून त्यांचे दोन-दोन फोटॉन एकत्र पकडले जातात आणि शिखरातून मोजणी गळते.

आम्ही दोन टप्प्यांत जातो. सिझियम-१३७ एकच गॅमा देतं, त्यात ही गळती नाही. त्याचा चकतीसारखा स्रोत मिठाच्या डब्यात वेगवेगळ्या जागी ठेवा: मध्यात, कडेला, तळाशी, वरती. अशा १०-१२ जागांची सरासरी घ्या, कडेच्या जागांना जास्त वजन द्या कारण डब्यातलं जास्त मीठ कडेच्याच भागात असतं. ही झाली ६६२ ची कार्यक्षमता. मग सगळे स्रोत २० सेमीवर ठेवून ६६२, ११७३, १२७४ आणि १३३२ ची कार्यक्षमता काढा, लॉग-लॉग कागदावर रेषा टाका आणि ती १४६१ पर्यंत वाढवा. ६६२ ते १४६१ हे गुणोत्तर इथून घ्या आणि डब्याच्या आकड्याला लावा. थरातल्या शोषणामुळे काही टक्क्यांची चूक राहते. एकंदर १० टक्क्यांच्या आत आलात तर समाधान माना, आणि उत्तर दशांशाच्या चार स्थळांपर्यंत लिहू नका.

हिशेब

समजा कार्यक्षमता ०.८ टक्के आली आणि निव्वळ मोजणी सेकंदाला ७. मग डब्यातून सेकंदाला ७ भागिले ०.००८, म्हणजे ८७५ गॅमा निघतात. ५०० ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये २६२ ग्रॅम पोटॅशियम, आणि त्यात पोटॅशियम-४०चे ४.७ गुणिले १० चा २०वा घात इतके अणू. ८७५ ला या संख्येने भागा, मिळालेल्या आकड्याने ०.६९३ ला भागा, सेकंदांची वर्षं करा. उत्तर येतं १,१८० कोटी वर्षांच्या घरात.

इथे मुलं गडबडतात. पुस्तकात अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं दिलेलं आहे, आपलं उत्तर नऊ-साडेनऊ पट मोठं. कित्येक वह्यांमध्ये मग पुस्तकातला १०.७ टक्क्यांचा गुणक चुपचाप घुसतो, उत्तर जुळतं आणि खाली लिहिलं जातं: ‘अर्धायुष्य मोजले’. ते मोजलेलं नसतं. गॅमाने आपण फक्त एका वाटेचं, इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन-४० होण्याच्या वाटेचं, आंशिक अर्धायुष्य मोजलं. उरलेले सुमारे ८९ टक्के ऱ्हास साधा बीटा सोडून थेट कॅल्शियम-४०च्या तळपातळीवर जातात आणि एकही गॅमा देत नाहीत. ते पाहायचे तर जीएम (गायगर-म्युलर) काउंटरखाली पोटॅशियम क्लोराइडचा पातळ थर ठेवून बीटा मोजावे लागतील. वहीत दोन्ही आकडे वेगळे लिहा: हा मी मोजला, हा पुस्तकातून घेतला.

आणि हा ऱ्हास इतका मंद का? पोटॅशियम-४०चा स्पिन (केंद्रकाचा कोनीय संवेग) ४ आणि पॅरिटी (आरशातल्या सममितीची खूण) ऋण, कॅल्शियम-४०चा स्पिन ० आणि पॅरिटी धन. बीटा आणि प्रतिन्यूट्रिनोला मिळून एवढा कोनीय संवेग न्यावा लागतो की हे संक्रमण ‘तिसऱ्या दर्जाचं निषिद्ध’ ठरतं. आर्गॉनची १४६१ ची पातळी स्पिन २ ची, म्हणून तिकडची अडचण कमी, पण तिथे ऊर्जाच अपुरी: हातात १५०४ केईव्ही, त्यातले १४६१ पातळीत गेले, न्यूट्रिनोच्या वाट्याला जेमतेम ४०-४५. गॅमा न देता थेट आर्गॉनच्या तळपातळीवर जाणारी एक बारीक वाटही आहे. तिचं थेट मोजमाप २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं, हिस्सा सुमारे ०.१ टक्का. ज्या केंद्रकाच्या आधाराने आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं ठरलं, त्याच्या ऱ्हासातली एक वाट परवापर्यंत मोजायची राहिली होती. हे मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगतो.

वावरातले नमुने

हात बसला की शुद्ध रसायन बाजूला ठेवा आणि घरून नमुने आणायला सांगा. त्याच डब्यात, तेवढ्याच वजनाने लाल पोटॅश, १०:२६:२६ (शेवटचा आकडा के-टू-ओचा) आणि डीएपी मोजा. शुद्ध क्लोराइडशी तुलना केली की कार्यक्षमतेचा प्रश्नच उरत नाही, कारण ती दोन्हीकडे सारखी. शुद्ध क्लोराइडमध्ये के-टू-ओच्या भाषेत ६३ टक्के असतात. लाल पोटॅशचं शिखर त्याच्या ९५ टक्के यायला हवं, १०:२६:२६ चं सुमारे ४१ टक्के, डीएपीचं जवळपास शून्य. बोगस खताने ज्यांच्या घरात एक हंगाम गेला आहे, अशी मुलं हे आकडे फार लक्ष देऊन वाचतात. सुपर फॉस्फेट ठेवलंत तर ६०९ आणि १७६४ ची शिखरंही दिसू शकतील. ती फॉस्फेटच्या खडकातून आलेल्या रेडियमच्या कुळातली आहेत, पोटॅशियमशी त्यांचा संबंध नाही.

पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, राख हा माझा आवडता नमुना. चुलीतली राख चाळून कोळसे काढा, कोरडी करा, वजन करा. राख हलकी असते, ५०० ग्रॅम त्या डब्यात मावतच नाही, आणि थराची जाडी बदलली की तुलना बिघडते. म्हणून १०० ग्रॅम राख घेऊन तीत मीठ मिसळा, थर आधीच्या खुणेपर्यंत येईल इतकं, आणि नीट ढवळा. मिठात पोटॅशियम नाही, त्यामुळे मिठाचा डबा वजा केल्यावर १४६१ वर जे उरेल ते राखेचं. शिखर बुटकं असेल, रात्रभर मोजा, आणि अर्ध्या तासाच्या फाइली सकाळी एकेक करून तपासल्याशिवाय त्यांची बेरीज करू नका.